सांगून घातलेली चूक

माझ्या डब्याचं झाकण माझ्याआधी उघडणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला. ऑफिसात जेवणाची वेळ झाली की आमचे काका टेबलाटेबलांवरून फिरत. मी "आज भेंडी आहे" म्हटलं की त्यांचा हात डब्याकडे गेलेलाच असायचा. "कशावरून?" असं विचारून ते झाकण काढत, भेंडी बघत, झाकण लावत आणि पुढच्या टेबलाकडे वळत. खायचं काही नसायचंच. खात्री करायची असायची. पहिल्या आठवड्यात मला याचा इतका राग आला होता की एकदा मी भेंडी सांगून मुद्दाम गवार आणली. काका झाकण उघडून खुश झाले. "बघ, म्हणून उघडायचं असतं," म्हणाले. माझा डाव फुकट गेला.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. डोंबिवली पूर्वेला एका पिठाच्या गिरणीवर आमचं ऑफिस होतं. कीबोर्डवर कायम पिठाचा पातळ थर असायचा आणि खाली गिरणी सुरू झाली की टेबल थरथरायचं. तिथे आम्ही मुलांसाठी मराठी ज्ञानकोश करत होतो, तोही कागदावर नाही, इंटरनेटवर. आमचे साहेब तरुण इंजिनियर. डोंबिवलीतल्या निम्म्या लोकांनी इंटरनेट हा शब्द नुसता ऐकलेला होता, त्या दिवसांत त्यांनी स्वतःच्या फ्लॅटवर कर्ज काढून हे सुरू केलं होतं. मी टायपिंग करायचे, पानं लावायचे आणि मुलांचे ई-मेल वाचायचे. काका आमचे माहिती संपादक होते.

काका म्हणजे लेखक नव्हेत, प्राध्यापक नव्हेत. ठाण्याला कोलशेतच्या एका केमिकल कंपनीत ते क्वालिटी कंट्रोलला होते. आलेल्या मालाच्या ड्रमवर लेबल असायचं, त्यावर नाव असायचं, शिक्का असायचा. काका ते न वाचता झाकण उघडायचे, काचेची लांब नळी आत घालून नमुना काढायचे आणि मगच माल आत घ्यायचे. ट्रकवाले बाहेर उन्हात शिव्या घालत उभे राहायचे. कंपनीने माणसं कमी करताना काकांना पहिल्या खेपेत घरी पाठवलं, यात मला नवल वाटलं नाही. "लेबल लावणारा माणूसच असतो गं," हे त्यांचं आवडतं वाक्य. आमच्या साहेबांना असा माणूस कोशासाठी का घ्यावासा वाटला, ते साहेबांनाच माहीत. नंतर बरेचदा त्यांनाही माहीत नसावं असं वाटायचं.

त्यांना बसता येत नसे. खुर्ची होती, तिच्यावर त्यांची पिशवी बसायची. चहाचा अर्धा कप हातात घेऊन ते खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून माझ्या पाठीमागे अशा फेऱ्या मारत, आणि तो कप कुठेतरी ठेवून विसरत. संध्याकाळी मला प्रिंटरवर, फायलींच्या कपाटात, एकदा तर पाण्याच्या पिंपाच्या झाकणावर थंड चहा सापडलाय. शेवटी मी घरचा जुना थर्मास आणून दिला. तो मात्र त्यांनी सांभाळला.

बाजारात त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे शिक्षा. आंबेवाला म्हणाला, "देवगड आहे साहेब," की हे "कशावरून?" तो बिचारा पेटी दाखवायचा. "पेटी देवगडची असेल. आंबा?" आंबेवाला माझ्याकडे बघायचा आणि मी दुसरीकडे. काकू एकदा ऑफिसात आल्या होत्या, तेव्हा म्हणाल्या, "आमच्या लग्नाच्या वेळी मुलगी स्वयंपाकात तयार आहे असं माझ्या वडिलांनी सांगितलं. हे म्हणाले, पिठलं करून दाखवू दे." मी विचारलं, "मग?" "मग काय, बिघडलं. पण हे म्हणाले, निदान खरं कळलं, आणि होकार दिला." हे सांगताना काकू हसत होत्या. काका कपाटात कप शोधत होते.

तर हा माणूस एक दिवस साहेबांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "प्रत्येक पानावर आपण एक चूक घालायची."

साहेबांना वाटलं, काकांना चूक काढायची म्हणायचं आहे. "म्हणजे प्रूफ नीट बघायचं ना?"

"नाही. घालायची. मुद्दाम. आणि वर पट्टी लावायची, या पानावर एक चूक आहे, शोध. खाली एक चौकट. त्यात मुलाने चूक कुठली ते लिहायचं, आणि कशावरून ओळखली तेही. दुसरं महत्त्वाचं."

"काका, प्लीज. कोशात चूक? लोक जोड्याने मारतील आपल्याला. शाळा घेणार नाहीत."

"चुका सगळ्याच कोशांत असतात. त्या न सांगता घातलेल्या असतात. आपण एक सांगून घालू."

हे भांडण कितीतरी दिवस चाललं. साहेब म्हणत, मुलं परीक्षेसाठी वाचतात, त्यांना बरोबर उत्तर पाहिजे. काका म्हणत, बरोबर उत्तर गाईडात मिळतं, त्याला संगणक कशाला? आज पडद्यावर आलं की पोरं मान डोलावतात. उद्या हा पडदा घरोघरी येईल, त्यावर कोणीही काहीही लिहील, तेव्हा काय करतील? त्या वेळी मला हा म्हातारपणचा चाळा वाटला होता. आज माझा भाचा मोबाईल पुढे धरून "मावशी, हे बघ, खरंच आहे" म्हणतो तेव्हा मला काकांची आठवण येते आणि जीव थाऱ्यावर राहत नाही.

साहेब अखेर थकून हो म्हणाले. पण काकांनी स्वतःलाच एक नियम घातला होता. चूक अशीच हवी, की मुलाला पुस्तक न उघडता, जागेवरून उठून घरातल्या घरात तपासता आली पाहिजे. मुंगीला आठ पाय असतात. मेणबत्ती विझवली की धूर आधी खाली जातो. कांदा कापताना फक्त कापणाऱ्याच्याच डोळ्यांत पाणी येतं. कल्याणच्या चार-दोन शाळांना साहेबांनी कोश फुकट वापरायला दिला आणि उत्तरं यायला लागली. एका मुलाने लिहिलं, "कांद्याचं चूक आहे. मी कांदा कापला आणि भावाला शेजारी बसवलं. तो रडला. आईने दोघांना मारलं." काकांनी ते मला मोठ्याने दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्याने लिहिलं, "मुंगीला सहा पाय. बाबांनी सांगितलं." त्याला काकांनी उलट टपाली ई-मेल धाडला, "बाबांना विचार, कशावरून." त्या मुलाच्या बाबांचा साहेबांना फोन आला. तो मी घेतला, म्हणून मला माहीत.

मला वाटतं ते काकांचे सर्वांत सुखाचे दिवस होते. फेऱ्या वाढल्या, चहा जास्त ठिकाणी सापडायला लागला.

आणि मग एक दिवस भर दुपारी एक गृहस्थ जिना चढून वर आले. रेल्वेत कामाला होते, टिटवाळ्याला राहायचे. निळा शर्ट नीट इस्त्री केलेला, हातात घडी घातलेला झेरॉक्सचा कागद. त्यांनी आवाज चढवला नाही. कागद टेबलावर उलगडून ठेवला आणि विचारलं, "साहेब, हा तुमच्याकडचाच ना?"

पान आमचंच होतं. बर्फ. त्यातलं एक वाक्य कुणीतरी पेन्सिलने अधोरेखित केलं होतं: काठोकाठ भरलेल्या पेल्यात बर्फ तरंगत असेल, तर तो वितळल्यावर पाणी बाहेर सांडतं.

ती काकांनी घातलेली चूक होती. पाणी सांडत नाही, पातळी होती तिथेच राहते. पण त्यांच्या मुलीने, आठवीतल्या, हेच वाक्य पाठ केलं होतं. आंतरशालेय प्रश्नमंजूषेत नेमका हाच प्रश्न आला. तिने हात वर करून सांगितलं, सांडेल. चूक म्हटल्यावर ती खाली बसली नाही. कोशात लिहिलंय म्हणून वाद घातला, कागद काढून दाखवला. सभागृह हसलं. शाळा त्या फेरीत बाहेर पडली. तेव्हापासून पोरगी म्हणत होती, मी आता कशात भाग घेणार नाही.

"पण वर पट्टी असते ना," साहेब म्हणाले, "चूक शोध म्हणून." कागदावर पट्टी नव्हती.

झालं असं होतं. शाळेत टेलिफोनची लाईन सारखी तुटायची, म्हणून बाई पानं एकदाच छापून घ्यायच्या आणि त्याच्या झेरॉक्स वर्गात वाटायच्या. शाई वाचावी म्हणून छापताना चित्रं बंद ठेवायच्या. आणि आमची पट्टी लुकलुकायची, म्हणून आमच्या प्रोग्रामरने ती चित्र म्हणून केली होती. चूक छापली गेली, सांगणं गळून पडलं. आम्ही सगळे पडद्याकडे बघत बसलो होतो, कागद कोणाच्या डोक्यातच आला नव्हता.

काका उभेच होते. म्हणाले, "पण तिने करून बघायला हवं होतं. पेला, पाणी, बर्फ. घरातलं आहे सगळं."

ते गृहस्थ त्यांच्याकडे वळले. "आमच्याकडे फ्रिज नाही, साहेब."

खाली गिरणी चालू होती. मग ते गृहस्थच म्हणाले, "आणि एक सांगू का. आमच्या घरात छापलेल्या शब्दाला खोटं म्हणत नाहीत. माझा बाप गावाबाहेर राहिला. आम्ही पुस्तकाच्या जोरावर इथवर आलो. पोरीला मीच सांगितलंय, कोणी काय पण म्हणू दे, कागदावर आहे ना, मग घाबरू नको. म्हणून ती उभी राहिली." त्यांनी कागदाची घडी केली, खिशात ठेवली आणि पाणीसुद्धा न घेता गेले.

त्या दिवशी काकांनी कोणाच्या डब्याला हात लावला नाही.

रविवारी त्यांचा घरी फोन आला. "टिटवाळ्याला जायचंय. तू चल. मी एकटा गेलो तर काहीतरी बोलून बसेन." स्टेशनवर भेटले तेव्हा काखेत माझा तो थर्मास होता. रसवंतीवाल्याकडून बर्फ घेतला होता. गाडीत बसायला जागा होती, तरी ते दारापाशी उभे राहिले आणि प्रत्येक स्टेशनला झाकण उघडून आत बघत होते. मी चिडून म्हटलं, "सारखं उघडलं की वितळेल." "न उघडता कसं कळणार?" म्हणाले, पण नंतर उघडलं नाही.

टिटवाळ्याला नव्या इमारतींच्या मागे एक बैठी चाळ होती, तिथे त्यांचं घर. आत एक खोली आणि स्वयंपाकाची जागा. भिंतीवर हार घातलेला फोटो, त्याखाली फळीवर पुस्तकं, सगळ्यांना खाकी कव्हरं. मुलीने आम्हाला पाणी दिलं आणि बापाच्या मागे उभी राहिली. काकांनी तिला हात जोडले. मोठा माणूस असे हात जोडतो म्हटल्यावर ती अजूनच मागे सरकली.

"ती चूक मी घातली होती," काका म्हणाले. "तुझी नाही. माझी. आज तुझ्यासमोर करून दाखवतो."

स्टुलावर स्टीलचा पेला ठेवला. त्यात बर्फ घातला, काठोकाठ पाणी भरलं. मुलगी समोर फतकल मारून बसली आणि पेल्याकडे टक लावून बघायला लागली. काकांना बसवेना. दारात गेले, परत आले, खाकी पुस्तकांकडे बघितलं, परत दारात गेले. तिच्या आईने चहा दिला तो त्यांनी खिडकीत ठेवला. मुलगी मात्र हलली नाही. तिची पापणीसुद्धा लवत नव्हती असं मला वाटलं.

बर्फ वितळला. पाणी काठाशी जिथल्या तिथे. "बघ," काका म्हणाले, "सांडलं नाही."

मुलीने पेल्याभोवती स्टुलावर बोट फिरवलं. बोट ओलं झालं. पेल्याच्या बाहेरून पाणी ओघळून खाली छोटं तळं झालं होतं.

"सांडलंय की," ती म्हणाली.

"अगं, ते आतलं नाही. ते हवेतलं. पेला गार पडला, हवेतली वाफ त्यावर बसली."

"हवेतलं?"

"हो."

"कशावरून?"

आयुष्यभर त्यांनी जगाला विचारलेला प्रश्न त्या पोरीने अगदी साधेपणाने विचारला होता. तिला ते माहीतही नव्हतं. काकांनी तोंड उघडलं. त्यांना कारण माहीत होतं, शास्त्र माहीत होतं, पण त्या खोलीत दाखवता येण्यासारखं त्यांच्यापाशी काही नव्हतं.

"आणि बर्फ पण तुम्हीच आणलाय," ती म्हणाली. "कागद पण तुमचाच होता."

"ए, मोठ्यांशी असं बोलतात का गं?" बाप म्हणाला.

"बोलू द्या," काका म्हणाले. "बरोबर बोलतेय." चपला घालताना त्यांनी विचारलं, "थर्मास इथेच ठेवू का? तू तुझा बर्फ आणून बघ." थर्मास राहिला.

परत येताना स्टेशनवर गाडीला वेळ होता. काका फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होते आणि मी त्यांच्यामागे. "मला पोरं अशीच व्हायला हवी होती," ते म्हणाले. "पण ही झाली ती माझ्यावरचा विश्वास उडून झाली. तिच्याकडे एकच कागद होता गं. माझ्याकडे शंका घ्यायला घरभर पुस्तकं आहेत." मी काहीतरी समजुतीचं बोलले. त्यांनी ऐकलं नाही, आणि ते बरंच झालं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एकेक पान उघडून स्वतः चुका काढायला सुरुवात केली. आता गंमत बघा, साहेबच आडवे आले. मुलांना चुकांचा खेळ आवडायला लागला होता, आणखी शाळा विचारत होत्या. साहेब म्हणाले, "पट्टी अक्षरांत करू, छापून येईल. प्रॉब्लेम सॉल्व्ह." काका म्हणाले, "पट्टी कापून कोणी झेरॉक्स काढली तर?" ज्या गोष्टीसाठी हा माणूस इतका भांडला होता, ती काढून टाकण्यासाठी तितकाच भांडला. शेवटी प्रत्येक पानाच्या तळाशी जाड अक्षरांत एक मजकूर आला: हे कशावरून? असं करून बघ. आणि खाली कृती. ती लिहिताना काकांची नवी टकळी सुरू झाली. मी "फ्रिजमध्ये ठेवा" टाईप केलं की पाठीमागून आवाज यायचा, "फ्रिज नसेल तर?" मी "बाथरूममध्ये" लिहिलं की, "घरात बाथरूम नसेल तर?" माझा इतका संताप व्हायचा. पण बादली, दोरी, ऊन, मीठ एवढ्यावर निभेल अशी कृती सापडेपर्यंत ते पान सोडत नसत.

तो कोश पुढे बंद पडला. साहेबांनी फ्लॅट वाचवला, त्यासाठी कोश सोडला. ती पानं आज कुठेच नाहीत, शोधलं तरी सापडत नाहीत. काकाही राहिले नाहीत. ते गेल्यावर काकूंना भेटायला गेले होते तेव्हा त्यांनी चहा दिला आणि मी झाकण उचलून 'साखर' लिहिलेला डबा बघितला. तो मिठाचा निघाला. आम्ही दोघी हसलो आणि मग काकू रडल्या.

पण मला सांगायचंय ते त्याआधीचं. टिटवाळ्याहून आल्यापासून काका रोज विचारायचे, "थर्मास आला का?" मी म्हणायचे, तो माझा थर्मास होता, मला नकोय तो. ते ऐकून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी परत विचारायचे. त्यांना थर्मास नको होता हे मला उशिरा कळलं. जिन्यावर पाऊल वाजलं की ते दाराकडे बघायचे.

आणि एका सकाळी ते टिटवाळ्याचे गृहस्थ आले. कामावर जाता जाता उतरले होते, बसायला वेळ नव्हता. हातात थर्मास.

"पोरीने पाठवलाय," ते म्हणाले. "आधी गोळेवाल्याचा बर्फ आणून बघितला. मग कल्याणच्या मासळी बाजारातला. तरी स्टूल ओलंच. दोन दिवस जेवताना बोलली नाही. मग पेल्यात कपड्यांची नीळ घातली. आतलं पाणी निळं. बाहेर थेंब आले ते पांढरेच." ते हसले. मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघितलं. "म्हणजे आतलं नाही म्हणाली. काकांना सांगा, पटलं. आणि म्हणाली, आता बर्फ मी पाठवलाय, त्यांना म्हणावं, तुम्ही पण करून बघा."

काका थर्मास हातात घेऊन उभे होते. झाकण उघडलं. आत बर्फ होता आणि त्याला मासळीचा वास होता. साहेबांनी नाक मुरडलं.

"नीळ आण," काका मला म्हणाले. गिरणीशेजारच्या वाण्याकडून मी नीळ आणली. पेल्यात पाणी, नीळ, बर्फ, काठोकाठ. उत्तर त्यांना त्या मुलीच्या जन्माआधीपासून माहीत होतं. तरी त्यांनी खुर्चीवरची पिशवी उचलून खाली ठेवली आणि खुर्ची टेबलाजवळ ओढून बसले. दोन्ही हात मांडीवर, नजर पेल्यावर. त्या ऑफिसात मी त्यांना बसलेलं तेव्हाच बघितलं.

साहेबांनी आतून हाक मारली, "काका, शाळेचा फोन आहे. येताय ना?"

"थांबा जरा," काका म्हणाले. "अजून वितळला नाही."